लॅपटॉपचा वाद्यवृंद

प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी संगणकालाच वाद्य मानून उभारलेल्या अनोख्या वाद्यवृंदांची ओळख

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला, की त्याच्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातील रंगमंच उभा राहतो. निवेदकाचे चुरचुरीत निवेदन, किशोरकुमार आणि आशा भोसले यांची गाणी, कोपऱ्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा नाद असलेल्या मोजक्या श्रोत्यांना याच शब्दाने व्हायोलिनच्या रांगा आणि हातात छडी घेतलेला संचालक आठवतो. या दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. रंगमंचावर जितकी माणसे, तितकी वाद्ये. आणि प्रत्येक वाद्य दिसायला, धरायला, वाजवायला वेगळे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठात २००५ मध्ये जो वाद्यवृंद स्थापन झाला, त्यात मात्र सर्वांच्या पुढ्यात एकच वस्तू होती. ती म्हणजे लॅपटॉप. पंधरा विद्यार्थी, पंधरा लॅपटॉप आणि प्रत्येकाशेजारी उपड्या घातलेल्या पातेल्यासारखा दिसणारा एक अर्धगोलाकार ध्वनिवर्धक. 'प्रिन्स्टन लॅपटॉप ऑर्केस्ट्रा' असे त्याचे नाव. आद्याक्षरे जुळवून विद्यार्थी त्याला 'प्लॉर्क' म्हणू लागले. संगणकावर संगीत तयार करणे त्या वेळीही नवे नव्हते. मात्र संगणकाला वाद्य मानून, पंधरा जणांनी एकत्र बसून, एकमेकांकडे पाहत आणि एकमेकांचे ऐकत ते प्रत्यक्ष वाजवायचे, आणि हे सारे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचे, ही कल्पना नवी होती. पुढे याच धर्तीवर अनेक विद्यापीठांत असे वृंद निघाले. संगणक संगीताच्या नावाखाली आज एका वाक्याच्या सूचनेवर संपूर्ण गाणे तयार होऊ लागले असताना, वीस वर्षांपूर्वी सुरू झालेला हा प्रयोग नेमका काय होता, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

फितीवरून रंगमंचावर

संगणकाने संगीत निर्माण करण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांतील एका महत्त्वाच्या प्रयोगाचे नाते न्यू जर्सीशीच आहे. बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेतील अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राकडून सुमारे सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. साठच्या दशकात प्रिन्स्टनमधील संगीतकारही या नव्या तंत्राकडे वळले. मात्र त्यांची अडचण मोठी होती. विद्यापीठातील संगणक ध्वनीचे आकडे मोजून चुंबकीय फितीवर नोंदवत असे; त्या आकड्यांचे प्रत्यक्ष ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. आपण लिहिलेले संगीत ऐकायचे असेल, तर फीत घेऊन तिकडे जाणे भाग होते. स्वर लिहिणे आणि तो ऐकू येणे यांत असे मोठे अंतर असल्याने संगणक हे 'वाजवण्याचे' साधन होईल, याची कल्पना करणेही कठीण होते. ते रचनाकाराच्या टेबलावरचे साधन राहिले.

हे अंतर हळूहळू कमी होत गेले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात काही तरुणांनी किम-१ हे स्वस्त, सुट्या सर्किटसारखे दिसणारे संगणक तारांनी एकमेकांना जोडले आणि 'लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स' या नावाने कार्यक्रम केले. एकाच्या संगणकाने काढलेला आकडा दुसऱ्याच्या संगणकात शिरून त्याचे संगीत बदलत असे. त्यांच्यातील काहींनी ऐंशीच्या दशकात 'द हब' हा गट स्थापन केला. संगणकांचे जाळे हेच एक सामूहिक वाद्य होऊ शकते, हा विचार त्यांनी रुजवला. मात्र ही सारी मंडळी स्वतः यंत्रे जोडू शकणारी, प्रयोगशील कलावंत होती. सतरा-अठरा वर्षांच्या, पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या वाटेवर आणायचे, तर यंत्र स्वस्त, वेगवान आणि उचलून नेण्याजोगे व्हायला हवे होते. २००५ पर्यंत लॅपटॉपने ही पात्रता मिळवली होती.

ध्वनी कुठून येतो?

प्लॉर्कचे संस्थापक दोन प्राध्यापक. डॅन ट्रूमन हे संगीतकार आणि नॉर्वेच्या लोकसंगीतातील 'हार्डांगर फिडल' या वाद्याचे वादक. आपल्या सतारीला किंवा सारंगीला जशा तरफेच्या तारा असतात, तशा या वाद्यालाही मुख्य तारांखाली अनुनाद देणाऱ्या तारा असतात. दुसरे पेरी कुक हे संगणकशास्त्र आणि संगीत अशा दोन्ही विभागांत शिकवणारे प्राध्यापक. वाद्यांच्या आणि मानवी आवाजाच्या भौतिक रचनेचे गणित मांडून संगणकावर ध्वनी निर्माण करणे, हा त्यांचा विषय. स्कॉट स्मॉलवुड आणि गं वांग हे दोन तरुण सहकारीही आरंभापासून त्यांच्याबरोबर होते.

ट्रूमन आणि कुक यांना एक प्रश्न बराच काळ सतावत होता. व्हायोलिनचा ध्वनी व्हायोलिनमधून येतो. तबल्याचा तबल्यातून येतो. मैफलीत डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यालाही पेटी डावीकडे आणि तबला उजवीकडे आहे, हे कळते. शिवाय ही वाद्ये एकाच दिशेला ध्वनी फेकत नाहीत. त्यांचा लाकडी देह चहूबाजूंना निनादतो आणि खोलीच्या भिंती, छत त्यात आपला वाटा उचलतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात हे नाते तुटते. वादक रंगमंचाच्या मध्यभागी असतो, ध्वनी मात्र दोन्ही कडांना उभ्या केलेल्या मोठ्या ध्वनिवर्धकांतून येतो. पंधरा जणांचा ध्वनी अशा दोन खोक्यांतून बाहेर काढला, तर कोण काय वाजवत आहे हे श्रोत्याला तर कळणार नाहीच, वादकालाही स्वतःचा ध्वनी ओळखता येणार नाही.

या दोघांनी नव्वदच्या दशकातच व्हायोलिन, गिटार यांसारखी वाद्ये वेगवेगळ्या दिशांना ध्वनी कसा सोडतात, याची मोजमापे घेतली होती. त्यातून चेंडूसारख्या गोलाकार ध्वनिवर्धकाची कल्पना पुढे आली. प्लॉर्कसाठी त्याचा अर्धा भाग घेण्यात आला. सहा लहान ध्वनिवर्धक सहा दिशांना तोंडे करून अर्धगोलात बसवलेले आणि तो अर्धगोल वादकाच्या शेजारी जमिनीवर ठेवलेला. लॅपटॉपमधून निघणारा ध्वनी वादकाजवळूनच उगम पावतो आणि सहा वेगवेगळ्या वाटांनी खोलीत पसरतो. श्रोत्याच्या कानाला एक माणूस, एक जागा आणि एक ध्वनी यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडलेले आढळते. या वृंदाला 'ऑर्केस्ट्रा' म्हणण्याचा आधार लॅपटॉपच्या संख्येपेक्षा या ध्वनिवर्धकांत अधिक आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

वाजवतात म्हणजे काय करतात?

लॅपटॉपला ना तार, ना पडदा, ना भाता. मग विद्यार्थी नेमके काय वाजवतात? याचे उत्तर प्रत्येक रचनेगणिक बदलते, आणि तेच या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. प्रत्येक रचनेसाठी आधी वाद्यच तयार करावे लागते.

गं वांग यांची 'क्लिक्स' ही सुरुवातीच्या काळातील रचना याचे सोपे उदाहरण ठरावी. यात वादक केवळ टंकलेखन करतात. कळफलकावरील प्रत्येक अक्षराला, अंकाला आणि चिन्हाला संगणकात एक ठरावीक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून स्वराची उंची ठरते आणि कळ दाबताच 'टिक' असा बारीक ध्वनी उमटतो. कळ कोणत्याही क्षणी दाबली, तरी संगणक तो ध्वनी सर्वांना समान असलेल्या लयीच्या ठोक्यावर नेऊन बसवतो. समोर उभा असलेला संचालक हातवारे करून कोणी दाट वाजवायचे, कोणी विरळ, कोणी वरच्या पट्टीत जायचे, हे सांगतो. एका माणसाचे टंकलेखन ऐकणे कंटाळवाणे असते; पंधरा जणांचे, लयीत बांधलेले आणि खोलीभर विखुरलेले टंकलेखन हे पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे काहीतरी वेगळेच होऊन बसते.

कुक आणि वांग यांच्या आणखी एका रचनेत प्रत्येक वादकाच्या पडद्यावर चौकटींची जाळी असते. वादक त्यात रंगीत चौकोन ठेवतो. प्रत्येक रंगाचा ध्वनी वेगळा. जाळे फिरत राहते आणि सर्व संगणक एकाच घड्याळावर चालत असल्याने पंधरा जणांची आवर्तने एकमेकांत गुंफली जातात. आवर्तन आणि ठेका यांची सवय असलेल्या आपल्या कानाला ही कल्पना परकी वाटू नये. स्मॉलवुड यांनी तर जुगाराच्या अड्ड्यावरील यंत्रांच्या किणकिणाटावर 'ऑन द फ्लोअर' ही रचना बेतली.

लॅपटॉपच्या देहाचाही वाद्य म्हणून उपयोग झाला. त्या सुमाराच्या अॅपल लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखणारा एक लहानसा संवेदक बसवलेला असे. लॅपटॉप हातातून निसटला, तर तो जमिनीवर आदळण्यापूर्वी आतील हार्ड डिस्कची सुई सुरक्षित जागी नेणे, हे त्याचे मूळ काम. विद्यार्थ्यांनी तो संवेदक स्वराच्या कामाला लावला. लॅपटॉप पुढे कलवला की स्वर चढतो, बाजूला कलवला की पसरतो. सतार किंवा वीणा वाजवणारा कलावंत तार ओढून मींड काढतो. येथे विद्यार्थी अख्खे यंत्रच तिरके करून ती काढू पाहत होते.

काळाचे भान असलेली भाषा

या सर्व वाद्यांच्या मुळाशी एक संगणकीय भाषा आहे. 'चक' असे तिचे नाव. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फेकणे, भिरकावणे असा होतो. गं वांग यांनी पेरी कुक यांच्या मार्गदर्शनाखाली प्रिन्स्टनमध्ये पीएचडी करत असताना ती तयार केली आणि २००३ मध्ये ती प्रकाशात आली. ध्वनीचा एक घटक दुसऱ्या घटकाकडे 'फेकायचा', अशी तिची मांडणी असून बाणासारख्या एका चिन्हाने ती लिहिली जाते.

नेहमीच्या संगणकीय भाषांत एखादे काम कोणत्या क्रमाने करायचे हे सांगता येते. नेमके कोणत्या क्षणी करायचे, हे सांगणे अवघड असते. संगीताचे सारे मर्म तर त्या क्षणातच असते. सम चुकली की चुकली. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी संगणक एका सेकंदाचे ४४,१०० भाग पाडतो आणि प्रत्येक भागात ध्वनीची पातळी नोंदवतो. 'चक'मध्ये वेळ या सूक्ष्म भागापर्यंत मोजून सांगता येतो. शिवाय प्रोग्रॅम चालू असताना, म्हणजे संगीत वाजत असतानाच, त्यात बदल करता येतो. वादक पडद्यावर ओळ लिहितो आणि ती ओळ पुढच्याच क्षणी ऐकू येते. प्रिन्स्टनच्या आधीच्या पिढीला जो ध्वनी ऐकण्यासाठी फीत घेऊन दुसऱ्या संस्थेत जावे लागत होते, तो आता लिहिणाऱ्याच्या बोटांखाली उमटू लागला.

पंधरा संगणकांना एका लयीत ठेवण्यासाठी बिनतारी जाळ्याचा वापर होतो. एक संगणक ठोके पाठवतो, बाकीचे ते पाळतात. संदेश पोहोचायला काही सहस्रांश सेकंद लागतात. हा विलंब संगीताला मारक ठरत नाही का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र ध्वनीलाही हवेतून जायला वेळ लागतो. तो एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे रंगमंचावर दहा मीटर अंतरावर बसलेल्या वादकाचा स्वर दुसऱ्याच्या कानापर्यंत यायला सुमारे २९ सहस्रांश सेकंद लागतात. मोठ्या वाद्यवृंदांतील वादक शतकानुशतके या विलंबासह वाजवत आले आहेत. संचालकाच्या छडीकडे पाहण्याची गरज त्यातूनच अधिक भासते. लॅपटॉपच्या वृंदातही संचालक उभा असतो, तो केवळ परंपरेचा मान राखण्यासाठी नव्हे.

झाकिरभाईंची साथ

या प्रयोगाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. माहीममध्ये लहानाचे मोठे झालेले तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन हे २००५-०६ या शैक्षणिक वर्षात प्रिन्स्टनच्या संगीत विभागात 'ओल्ड डॉमिनियन फेलो' म्हणून शिकवत होते. प्लॉर्कचे ते पहिलेच वर्ष. वृंदाच्या आरंभीच्या सहकारी कलावंतांत झाकिरभाईंचे नाव 'सो पर्कशन' हा तालवाद्यांचा गट आणि ज्येष्ठ संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांच्याबरोबरीने येते. ज्या विद्यार्थ्यांना हे वाद्य हाताळून जेमतेम काही महिने झाले होते, त्यांच्याबरोबर वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तालाशी खेळलेला कलावंत बसला. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. 'शक्ती'पासून 'प्लॅनेट ड्रम'पर्यंतच्या त्यांच्या मोठ्या कामांच्या यादीत ही लहानशी नोंद सहसा येत नाही. पण नव्या वाद्याकडे पाहण्याची त्यांची मोकळी वृत्ती तीतून दिसते.

पेरी कुक यांचे भारतीय तालवाद्यांशी नाते त्याआधीही जुळलेले होते. त्यांचे विद्यार्थी अजय कपूर यांनी प्रिन्स्टनमध्ये असताना इलेक्ट्रॉनिक तबला तयार करण्याच्या कामात भाग घेतला होता. तबल्यावर बोटे कशी पडतात हे संवेदकांनी टिपून त्यावरून ध्वनी निर्माण करणे, ही त्यामागची कल्पना. पुढे कपूर यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स या संस्थेत २०१० मध्ये 'मशीन ऑर्केस्ट्रा' उभा केला. त्यात लॅपटॉप घेतलेल्या विद्यार्थ्यांबरोबर भारतीय वाद्ये वाजवणारे यांत्रिक हातही होते.

सॅलडचे वाडगे आणि बैठक

गं वांग स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले आणि २००८ मध्ये तेथे 'स्टॅनफर्ड लॅपटॉप ऑर्केस्ट्रा' सुरू झाला. तेथील संगणक संगीत केंद्र १९७५ पासूनचे. ज्यांच्या संशोधनातून यामाहाचा १९८३चा डीएक्स-७ हा लोकप्रिय कीबोर्ड घडला, ते जॉन चाऊनिंग या केंद्राच्या संस्थापकांपैकी. एवढी पुण्याई पाठीशी असतानाही या वृंदाने आपले ध्वनिवर्धक घरगुती पद्धतीने बनवले, ही गोष्ट लक्षणीय आहे. आयकिया या कंपनीच्या दुकानात मिळणारे सॅलडचे लाकडी वाडगे आणून, त्यांना भोके पाडून, मोटारीत बसवतात तसे ध्वनिवर्धक त्यात जोडण्यात आले. हे काम विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मिळून केले. बसण्यासाठी जमिनीवर उशा आणि लॅपटॉप ठेवण्यासाठी न्याहारीचे बुटके चौरंग. खुर्च्यांवर बसणाऱ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदापेक्षा ही मांडणी आपल्या भारतीय बैठकीच्या अधिक जवळची आहे.

२००९ मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात इव्हिका इको बुक्विच यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या वृंदाने महागड्या यंत्रांऐवजी लहान नेटबुक, लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली आणि निन्टेंडो कंपनीच्या व्हिडीओ गेमचे हातात धरायचे 'वी' रिमोट वापरले. विद्यापीठाबाहेरच्या शाळांना असा वृंद परवडावा, हा त्यामागचा हेतू होता. अशा वृंदांचे खरे मोल यंत्रांच्या किमतीत नसते. 'चक' ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे, लिनक्सही विनामूल्य आहे, आणि वाडगा तर कोणत्याही स्वयंपाकघरात सापडतो.

हे संगीत आहे का?

अर्थात, या प्रयोगावर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप श्रोत्यांचा. लॅपटॉपच्या पडद्याआड मान घालून बसलेला माणूस स्वर लावतो आहे की ई-मेल पाहतो आहे, हे कळणार कसे? गवयाच्या हातवाऱ्यांतून, सारंगीवादकाच्या गजातून श्रोता श्रमाचा आणि भावनेचा अंदाज बांधत असतो. या वृंदांनी दोऱ्या ओढून वाजवायची साधने, कलवायचे लॅपटॉप, हातात धरायचे रिमोट यांचा आधार घेतला, तो या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीच. शरीराची हालचाल आणि ध्वनी यांचा संबंध डोळ्यांना दिसला पाहिजे, ही त्यामागची जाणीव.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाद्यावर प्रभुत्व मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे रियाज करावा लागतो. येथे मात्र प्रत्येक रचनेसाठी वाद्य नवे. तीन महिन्यांच्या सत्रात तयार झालेले वाद्य सत्र संपताच बाजूला पडत असेल, तर रियाज करायचा कशावर? डॅन ट्रूमन यांच्या पुढील कामात या प्रश्नाचे पडसाद दिसतात. त्यांनी 'बिटक्लाव्हियर' हे पियानोच्या पट्ट्यांवर वाजवायचे संगणकीय वाद्य तयार केले. संगणक त्यात स्वरांना प्रतिसाद देतो, मात्र बोटांना पियानोवरील तयारी लागतेच.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. लॅपटॉप उत्पादकांनी फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी घन स्वरूपाची स्मृती बसवायला सुरुवात केल्यावर सुई वाचवणाऱ्या संवेदकाची गरज उरली नाही आणि तो संवेदक नव्या लॅपटॉपमधून नाहीसा झाला. कलवून वाजवायच्या रचनांचे वाद्यच त्याबरोबर गेले. स्टॅनफर्डच्या वृंदाचे एक आवडते साधन म्हणजे 'गेमट्रॅक'. मुळात व्हिडीओ गेमसाठी बनवलेल्या या यंत्रातून दोन दोऱ्या निघतात. त्या हातांनी ओढल्या की हात हवेत नेमका कुठे आहे हे संगणकाला कळते. त्याचे उत्पादन केव्हाच बंद झाले. शंभर वर्षांपूर्वीची सतार नव्या तारा चढवून आज वाजवता येते. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर चालेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला होता. तेथे ध्वनिमुद्रित झालेले भारतीय कलावंतांचे काम अनेक दशके विस्मृतीत पडून होते. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या फिती शोधल्या आणि त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. वाद्य, वादक आणि शिकवणारा यांची साखळी तुटली, की संगीत कसे कपाटबंद होते, याचे हे आपल्याच देशातील उदाहरण.

नव्या वाद्याला होणारा विरोध मात्र आपल्याला नवा नाही. परदेशातून आलेल्या हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. त्याच काळात महाराष्ट्रात पेटीशिवाय नाट्यसंगीताची किंवा भजनाची कल्पना करता येत नव्हती. घरोघरी रियाजाला लावला जाणारा इलेक्ट्रॉनिक तानपुराही सुरुवातीला अनेकांच्या कानाला खटकलाच होता. वाद्य स्वीकारले जाते ते त्यावर वाजवणारे आणि ऐकणारे तयार झाल्यावर. सोयीमुळे किंवा बंदीमुळे नव्हे.

शिकण्याची दुहेरी वाट

विद्यापीठाच्या दृष्टीने या वृंदाचे महत्त्व कार्यक्रमांपेक्षा वर्गात अधिक आहे. संगीत शिकलेला, पण प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिलेला विद्यार्थी येथे येतो. संगणकशास्त्रात पारंगत, पण सूर-तालाशी अपरिचित असा विद्यार्थीही येतो. दोघांना एकमेकांवाचून चालत नाही. प्रोग्रॅममध्ये चूक झाली, तर ती कानाला कळते. तालीम फसली, तर कारण कधी हातात असते, कधी प्रोग्रॅममध्ये.

प्लॉर्कच्या वर्तुळातून पुढे आलेले एक काम आज विशेष लक्षवेधी ठरते. रिबेका फीब्रिंक यांनी प्रिन्स्टनमध्ये संशोधन करत असताना २००९ मध्ये 'वेकिनेटर' हे साधन तयार केले. हाताची ही हालचाल केली की हा ध्वनी हवा, ती केली की तो हवा, अशी काही उदाहरणे वादक संगणकाला दाखवतो. उरलेल्या हालचालींसाठी मधले ध्वनी कोणते असावेत, हे संगणक त्यावरून शिकतो. नको तसा निघाला, तर वादक आणखी उदाहरणे देतो. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी हे घडत होते. मात्र आजच्या गाणी तयार करून देणाऱ्या यंत्रणांत आणि यात मूलभूत फरक आहे. तेथे माणूस मागणी नोंदवतो आणि यंत्र संगीत देते. येथे यंत्र माणसाच्या हालचालीवर घडते, आणि हात थांबला की संगीतही थांबते.

वृंदाची आणखी एक खासियत म्हणजे त्याचे सततचे बदलणे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. जुने विद्यार्थी जातात, नवे येतात. पेरी कुक निवृत्त झाले, प्लॉर्कच्या संचालनाची धुरा पुढे जेफ स्नायडर यांनी सांभाळली. नव्या तुकडीला नवी यंत्रे आणि बऱ्याचदा नवी वाद्येही तयार करावी लागतात. जे पुढच्या तुकडीकडे सोपवले जाते, ते फार थोडे असते: अर्धगोल ध्वनिवर्धक, जुन्या रचनांचे जमेल तेवढे दुरुस्त केलेले प्रोग्रॅम आणि तालमीची शिस्त.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वानवा नाही आणि संगीत शिकणाऱ्या मुलांचीही नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हे दोन्ही गट एकाच रंगमंचाच्या मागे असतात. एक गट ध्वनियंत्रणा सांभाळत असतो आणि दुसरा गात-वाजवत असतो. या दोघांनी एकत्र बसून एखादे वाद्य घडवायचे ठरवले, तर लागणारे साहित्य बहुतेकांच्या दप्तरातच आहे. बाकी उरतो तो सहा लहान ध्वनिवर्धकांचा, एका वाडग्याचा आणि रोजच्या तालमीचा प्रश्न. त्यातील पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात.